मंद चालीचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा वेगाचाच इतिहास सांगतात. कोणत्या साली कोणत्या गाडीने ताशी किती मैल गाठले, कोणत्या शर्यतीत कोण पुढे आले, याची नोंद त्यांत काळजीपूर्वक केलेली असते. तीच गाडी चौकातील दिव्यापाशी उभी असताना तिचे इंजिन कसे चालले होते, याची दखल मात्र सहसा कोणी घेत नाही. वास्तविक यंत्रविद्येला फार मोठे कष्ट पडले ते याच ठिकाणी. चालकाने पाय काढून घेतला आहे, गाडीला कोठे जावयाचे नाही, आणि तरीही इंजिनाने बंद न पडता, न थरथरता, एका लयीत फिरत राहावयाचे आहे. गॅरेजमधील मिस्त्री या अवस्थेला 'आयडलिंग' किंवा नुसते 'स्लो' म्हणतात. आम्ही येथे तिला मंद चाल म्हणू.

आज या विषयाकडे वळण्याचे कारण असे. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारे किंवा शर्यतीसाठी इंजिन बांधणारे हौशी लोक कारखान्याने दिलेला कार्बुरेटर अथवा विद्युत्-नियंत्रक काढून टाकतात आणि त्याच्या जागी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारी नियंत्रक-पेटी बसवितात. तिचे सर्व आकडे संगणकावर बदलता येतात. पेटी बसते, इंजिन सुरू होते, रस्त्यावर गाडी उत्तम पळते. आणि उभी राहिली की थरथरू लागते. कधी आवाज चढतो, कधी उतरतो, कधी इंजिन मिसिंग करते, कधी आचके देऊन बंद पडते. मोठे काम झाले आणि लहान काम अडले, असे हे कोडे आहे. आमचे म्हणणे असे की, या कोड्याचे उत्तर केवळ आजच्या पेटीत शोधून मिळावयाचे नाही. त्यामागे सुमारे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाने एक धडा वेळोवेळी शिकविला आहे: चूक सुधारणारे यंत्र चूक झाकतेही.

प्रथम मंद चाल अवघड का, हे समजून घेऊ. एक लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडर २५० घन सेंटिमीटरचा. वातावरणाच्या पूर्ण दाबाने तो भरला तर त्यात सुमारे ०.३ ग्रॅम हवा मावते. मंद चालीत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाच्या सुमारे शंभर किलोपास्कलांवरून पस्तिसाच्या आसपास येतो आणि सिलिंडरात जेमतेम ०.१ ग्रॅम हवा शिरते. पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका खेपेस लागणारे पेट्रोल झाले अवघे सात मिलिग्रॅम! मिनिटाला ८५० फेऱ्या धरल्या तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला १७०० स्फोट होतात, आणि त्या प्रत्येकाला हे सात मिलिग्रॅम बिनचूक मिळावे लागतात. त्यातच आधीच्या स्फोटाचा जळका वायू काही प्रमाणात मागे उरलेला असतो. हवा थोडी असल्याने त्याचे प्रमाण वाढते आणि ज्योत मंदावते. जोराने पळणाऱ्या इंजिनाला जडत्वाचा आधार असतो. मंद चालीत तो आधार थोडा, आणि निर्माण झालेली जवळजवळ सारी शक्ती स्वतःच्या घर्षणावर व पंप, डायनामो यांच्यावर खर्च होते. शिल्लक काही राहत नाही. एका स्फोटाची उणीव तत्काळ जाणवते, ती यामुळे.

यंत्राची चाल यंत्रानेच राखावी ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. युरोपातील पवनचक्क्यांत धान्य दळताना वारा वाढला की जात्याच्या वरच्या तळीचा वेग वाढे आणि दोन तळ्यांमधील अंतर बिघडे. ते आपोआप सावरण्यासाठी फिरत्या गोळ्यांची योजना करण्यात आली. इंग्लंडात टॉमस मीड याने १७८७ साली अशा योजनेचे पेटंट घेतले. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी पुढच्याच वर्षी, १७८८ साली, ती कल्पना वाफेच्या इंजिनाला लावली. दोन जड गोळे उभ्या दांड्याभोवती फिरतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि जोडलेल्या दांडीने वाफेची झडप थोडी मिटवितात. वेग उतरला की गोळे खाली येतात व झडप उघडते. या साधनाला 'गव्हर्नर' हे नाव मिळाले. आपल्याकडे विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत जी संथ चालीची ऑइल इंजिने वर्षानुवर्षे ठोके देत आली, त्यांच्यातही फिरत्या वजनांचा गव्हर्नरच चाल राखीत असे. भार पडताच इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो आणि पुन्हा सावरतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना वॉटची कल्पना वेगळी समजावून सांगावयास नको.

परंतु येथेच पहिली अडचण उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील कामाची सफाई वाढली, सांधे घट्ट व गुळगुळीत झाले, घर्षण कमी झाले. त्याबरोबर गव्हर्नर अधिक चांगले चालतील अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. कित्येक इंजिनांची चाल एका जागी स्थिर न राहता वर-खाली झुलू लागली. याला इंग्रजी कारागिरांनी 'हंटिंग' म्हटले आणि आपले मिस्त्रीही तोच शब्द वापरतात. जुन्या यंत्रांतले घर्षण ही झुलणी नकळत शोषून घेत होते, ते गेल्यावर दोष उघडा पडला.

या प्रश्नाकडे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने लक्ष दिले. विद्युच्चुंबकीय सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेल्या या शास्त्रज्ञाने १८६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरांवर एक निबंध सादर केला. त्याचे मर्म साध्या शब्दांत असे सांगता येईल: नियंत्रक चूक पाहून हुकूम सोडतो, पण तो हुकूम अमलात येईपर्यंत काळ जातो. तोपर्यंत यंत्राची स्थिती बदललेली असते. हुकूम फार जोराचा असेल आणि उशिरा पोहोचत असेल, तर तो चुकीवर इलाज करण्याऐवजी उलट दिशेची नवी चूक निर्माण करतो. तीवर पुन्हा हुकूम, पुन्हा चूक, असा झोका सुरू होतो. केव्हा हा झोका आपोआप विरेल आणि केव्हा वाढत जाईल, याच्या गणिती अटी मॅक्सवेलने शोधल्या. या निबंधाचे महत्त्व ध्यानात यावयास मोठा काळ लागला. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर याने नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' हे नाव दिले ते मॅक्सवेलच्या या निबंधाचे स्मरण ठेवूनच. कारण 'गव्हर्नर' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. संस्कृतात याला कर्णधार म्हणतात. कर्ण म्हणजे सुकाणू, आणि कर्ण म्हणजे कानही! मंद चालीच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ उपयोगी पडतात, कारण पुढची सत्तर-ऐंशी वर्षे मोटारीच्या मंद चालीचे सुकाणू मिस्त्रीच्या कानातच होते.

१८७६ साली निकोलाउस ओटो याने चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. सुरुवातीची अशी इंजिने कोळशाच्या वायूवर, संथ चालीने, कारखान्यात एका जागी उभी राहून काम करीत. त्यांतील अनेकांचा गव्हर्नर मोठ्या गमतीचा होता. वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो पुढचे स्फोटच होऊ देत नसे. जड चक्र नुसत्या जडत्वाने फिरत राही. वेग उतरला की पुन्हा एक स्फोट. अशा इंजिनाची मंद चाल म्हणजे एक ठोका आणि मग लांब शांतता. जागेवर पक्क्या बसविलेल्या इंजिनाला हे चालते. माणसे बसवून रस्त्यावर न्यावयाच्या गाडीला चालत नाही.

१८८६ साली कार्ल बेंझने आपल्या गाडीचे पेटंट घेतले. तिच्यात पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला बाष्प पुरविले जाई. उष्णतेप्रमाणे आणि हालचालीप्रमाणे हे प्रमाण बदले. १८९३ साली विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्बुरेटर तयार केला. तरंगणाऱ्या गोळ्याने पेट्रोलची पातळी ठरवावी, हवा अरुंद गळ्यातून वेगाने न्यावी, तेथे दाब उतरतो त्याने बारीक छिद्रातून पेट्रोल खेचून घ्यावे, अशी ती रचना. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही अशाच साधनाचे पेटंट घेतले. कल्पना सुंदर होती, पण तिच्या पोटातच मंद चालीचा प्रश्न दडला होता. गळ्यातील ओढ हवेच्या वेगावर अवलंबून असते. थ्रॉटल मिटला की हवा थोडी, वेग थोडा, ओढ जवळजवळ नाहीशी. आणि मुख्य जेटमधून पेट्रोल येईनासे होते. जेथे अचूकपणा सर्वांत अधिक हवा तेथेच हे साधन लुळे पडे.

यावर जो उपाय रूढ झाला तो अभ्यासण्यासारखा आहे. मंद चालीसाठी कार्बुरेटरात एक निराळी लहान वाट ठेवण्यात आली. तिचे तोंड थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला उघडते. तेथे मंद चालीत निर्वात सर्वाधिक असतो आणि तो पेट्रोल खेचतो. त्या वाटेवर एक अणकुचीदार स्क्रू असतो आणि थ्रॉटल किती उघडा राहावा यासाठी दुसरा. या दोन स्क्रूंवर मोटारीच्या कित्येक पिढ्या चालल्या. मुंबईच्या रस्त्यांवर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. त्यांची 'स्लो' बसविणारा मिस्त्री एका हाताने स्क्रू पाव पाव फेरी फिरवी, लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून इंजिनाच्या पोटातला आवाज घेई, आणि सर्वांत चढा व एकसारखा आवाज मिळाला की हात थांबवी. त्याच्यापाशी हिशेब नव्हता, पण एक मोठी गोष्ट होती. यंत्र आणि त्याचा कान यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नव्हता. झडप गळत असेल, गॅस्केटातून हवा शिरत असेल, एक प्लग मेलेला असेल, तर स्क्रू कितीही फिरविला तरी चाल जमत नसे, आणि तो समजे की दोष दुसरीकडे आहे.

ही व्यवस्था मोडली ती हवेच्या प्रश्नामुळे. लॉस एंजेलिस शहरावर दाटणारे डोळे झोंबणारे धुके कशाचे, याचा शोध आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या वर्षांत लावला. मोटारींतून बाहेर पडणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ते निर्माण करतात, असे त्याने दाखविले. शहरातील गाड्यांचा बराच वेळ खोळंबून उभे राहण्यात जातो. मंद चाल ही तोवर चालकाच्या सोयीची बाब होती, ती आता सार्वजनिक आरोग्याची बाब झाली. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या गाड्यांपासून धुराच्या मर्यादा लागू केल्या, आणि १९७० च्या अखेरीस अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. कानाने लावलेला स्क्रू या कसोटीला पुरा पडणे शक्य नव्हते.

विजेने पेट्रोल मोजण्याचा प्रयत्न त्यापूर्वीच झाला होता. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीचा 'इलेक्ट्रोजेक्टर' १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांवर बसविण्यात आला. तो मोजक्याच गाड्यांवर गेला आणि त्यांतील बहुतेकांवर पुढे कार्बुरेटरच चढविण्यात आले. कल्पना मात्र टिकली. जर्मनीच्या बॉश कंपनीने बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार घेऊन १९६७ साली 'डी-जेट्रॉनिक' ही पद्धती फोक्सवागन १६०० या गाडीवर आणली. 'डी' म्हणजे जर्मन 'द्रुक', अर्थात दाब. मॅनिफोल्डमधील दाब आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवरून पेटी हवेचा अंदाज बांधी आणि त्यानुसार इंजेक्टर किती क्षण उघडावा हे ठरवी. पुढे या पेट्यांवर एक लहान खुंटी दिसू लागली. ती फिरविली तर फक्त मंद चालीतील मिश्रण बदले! बाकी सर्व प्रदेश कारखान्याने बंद करून घेतला होता. मंद चालीपुरती मिस्त्रीच्या हाताची गरज त्यालाही कबूल करावी लागली.

ही शेवटची खुंटी काढून टाकली ती एका नव्या साधनाने. १९७६ साली व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांवर धुराच्या नळीत बॉशचा 'लॅम्डा सेन्सर' बसविला. जळक्या वायूत ऑक्सिजन उरला आहे की नाही हे तो सांगतो आणि पेटी त्याप्रमाणे पेट्रोल कमी-अधिक करते. १९७९ साली बॉशच्या 'मोट्रॉनिक'ने बी.एम.डब्ल्यू. ७३२ आय या गाडीत पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकाच्या हाती दिली. मंद चालीत हवा कमी-जास्त करणारी विजेची झडपही पुढे त्याच्या ताब्यात आली. वॉटचे फिरते गोळे आता आकड्यांत फिरू लागले, आणि ते एकाऐवजी तीन झाले: एक हवेवर, एक पेट्रोलवर, एक ठिणगीवर.

भारतात हे परिवर्तन उशिरा पण झपाट्याने झाले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दिल्ली परिसरात नव्या मोटारींना युरोपीय धर्तीची मानके लागू झाली. त्यानंतरच्या वर्षांत नव्या मोटारींतून कार्बुरेटर हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके आली आणि दुचाकींतही इंजेक्शन सर्वत्र दिसू लागले. यात हवेचा लाभ झाला हे नाकारण्याचे कारण नाही. आणि त्या हवेत आपल्यालाच श्वास घ्यावयाचा आहे. परंतु एक गोष्ट हातची गेली. एखाद्या फाटक्या नळीतून थोडी हवा आत शिरली, तर पेटी पेट्रोल वाढवून ती उणीव भरून काढते, हवेची झडप मिटवून फेऱ्या जागेवर आणते, आणि गाडी मालकाला काही कळतही नाही. दोष मात्र वाढत असतो. सुधारणेची मर्यादा संपली की एक दिवस चाल एकाएकी बिघडते आणि दोष आजच उत्पन्न झाला असे वाटते.

बंद पेटीचे झाकण पुन्हा उघडण्याचा उद्योग हौशी तंत्रज्ञांनी केला. त्यांतील सर्वांत लोकाभिमुख प्रयत्न अमेरिकेतील ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांचा. २००१ साली त्यांनी 'मेगास्क्वर्ट' नावाची नियंत्रक-पेटी रचली. ती सुटे भाग घेऊन घरी डाग देऊन जोडावयाची असे, आणि तिची रचना व आज्ञावली अभ्यासकांना पाहता येई. पहिली पेटी फक्त पेट्रोल सांभाळी. तिच्यात आठ ओळी आणि आठ स्तंभ यांचा तक्ता होता; एका बाजूस फेऱ्या, दुसऱ्या बाजूस दाब, आणि चौसष्ट घरांत पेट्रोलचे आकडे. हे आकडे भरण्याचे काम आता मालकाचे. कारखान्यातील अभियंत्यांची फौज अनेक महिने जे काम करते, ते एका माणसाच्या पदरी पडले. गाडी चढावर, उतारावर, जोरात चालविताना तक्त्यातील थोडीबहुत चूक खपते. मंद चालीची दोन-चार घरे मात्र चूक खपवून घेत नाहीत. इतिहासाचे सर्व धडे त्या दोन-चार घरांत पुन्हा गिरवावे लागतात.

पहिला धडा लॅम्डा सेन्सरचा. इंजिन मिसिंग करते तेव्हा त्या सिलिंडरातील हवा न जळता तशीच धुराच्या नळीत येते. सेन्सर ऑक्सिजन पाहतो आणि सांगतो की मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पडते आहे. वस्तुतः पेट्रोल जास्त झाल्याने प्लग ओला होऊन ठिणगी चुकत असेल, तरी साक्ष तीच मिळते. माणूस अथवा पेटी विश्वासाने पेट्रोल वाढविते, मिसिंग वाढते, सेन्सर आणखी पातळ सांगतो. सेन्सर खोटे बोलत नाही. तो ऑक्सिजनाविषयी बोलतो आणि आपण त्याचे बोलणे पेट्रोलविषयीचे समजतो, एवढेच.

दुसरा धडा वेळेचा. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद फुकट जातो, आणि बॅटरीचा दाब उतरला की हा काळ वाढतो. मिनिटाला दोनशे घन सेंटिमीटर पेट्रोल देणारा इंजेक्टर आमच्या मघाच्या उदाहरणातील सात मिलिग्रॅम सुमारे पावणेतीन मिलिसेकंदांत देतो. जास्त शक्तीच्या लोभाने त्याच्या दुप्पट मोठा इंजेक्टर बसविला, तर हा काळ दीड मिलिसेकंदाहूनही कमी होतो. फुकट जाणाऱ्या काळाचा आकडा पेटीत ०.२ मिलिसेकंदाने चुकला, तर मोठ्या इंजेक्टरात मंद चालीचे पेट्रोल सुमारे चौदा टक्क्यांनी चुकते. हीच चूक पूर्ण जोरावर पाच टक्क्यांच्या आत राहते. गाडी पळते उत्तम आणि उभी राहिली की थरथरते, याचे एक साधे कारण हे आहे. दिवे लावले किंवा पंखा सुरू झाला की चाल बिघडत असेल, तर संशय प्रथम येथेच घ्यावा.

तिसरा धडा मॅक्सवेलचा. ८५० फेऱ्यांना एका सिलिंडराचे एक आवर्तन सुमारे एक-सप्तमांश सेकंदाचे असते. हवेची झडप उघडली तरी मॅनिफोल्ड भरावयास, सिलिंडरात हवा यावयास, स्फोट व्हावयास आणि धूर सेन्सरापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. त्यात तिन्ही नियंत्रक एकाच वेळी आपापले हुकूम सोडू लागले, तर १८६८ सालचा झोका जसाच्या तसा सुरू होतो. तक्त्यातील शेजारच्या घरांत आकड्यांची मोठी तफावत असली, तरीही तेच. फेऱ्या किंचित उतरल्या की इंजिन शेजारच्या घरात जाते. तेथे पेट्रोल कमी असेल तर आणखी उतरते आणि बंद पडते. ठिणगीच्या बाबतीत मात्र जाणते लोक तक्त्यालाच गव्हर्नर करतात. मंद चालीला ठिणगी सर्वोत्तम वेळेपेक्षा थोडी उशिरा ठेवावयाची आणि त्याखालच्या फेऱ्यांना थोडी आधी. फेऱ्या उतरल्या की ठिणगी आधी पडून जोर वाढतो, चढल्या की जोर घटतो. ठिणगीचा हुकूम पुढच्याच स्फोटात अमलात येतो, म्हणून या उपायात उशिराचा दोष सर्वांत कमी. वॉटचे गोळे येथे नुसत्या आकड्यांच्या उतारात उतरले आहेत.

म्हणून बिघडलेल्या मंद चालीचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे इतिहासच सांगतो. प्रथम सर्व नियंत्रकांना रजा द्यावी. सेन्सरवरून होणारी पेट्रोलची दुरुस्ती बंद, हवेच्या झडपेची हालचाल बंद, ठिणगी एका अंशावर पक्की. मग इंजिन जसे आहे तसे उघडे पडते. त्यानंतर पेटी जो अंश सांगते तोच अंश पुलीवरील खुणेवर टायमिंग-लाइटने दिसतो का, ते पाहावे. येथे तफावत असेल तर पुढचा प्रत्येक आकडा व्यर्थ आहे. मग गॅस्केट व नळ्यांतील गळती धूर सोडून शोधावी, प्लग, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलचा दाब तपासावा. एकेक इंजेक्टर क्षणभर बंद करून फेऱ्या किती उतरतात ते पाहावे. ज्याच्या बंद होण्याने काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करीत नाही. निर्वात-मापकाचा काटा समुद्रसपाटीला निरोगी इंजिनात पाऱ्याच्या सतरा ते एकवीस इंचांवर स्थिर असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे तो दोनएक इंच कमी दिसेल. त्याला रोग समजू नये. काटा लयीत थरथरत असेल तर झडपेकडे पाहावे. हे सर्व झाल्यावर तक्त्याला हात घालावा, शेजारची घरे सलग उताराची करावी, आणि इंजिन कोणाच्या मदतीवाचून नीट चालू लागले की मग नियंत्रक एकेक करून परत कामावर घ्यावेत, सौम्य हाताने. कोणाला परत घेताच झोका सुरू होतो ते त्याच क्षणी कळते.

या क्रमात नवे असे फार थोडे आहे. पद्मिनीच्या मिस्त्रीचा क्रमही मुळात असाच होता. आधी प्लग, पॉइंट, गळती, आणि सर्वांत शेवटी स्क्रू. आज घाई होते ती याचसाठी की, आकडा बदलणे हे नळी तपासण्यापेक्षा सोपे झाले आहे. खुर्चीत बसून बोटाने केलेल्या दुरुस्तीला हात काळे करावे लागत नाहीत. परंतु फुटक्या गॅस्केटाचा इलाज तक्त्यात लिहिला, तर तो दोष तक्त्यात कायमचा कोरला जातो, आणि पुढे कोणी गॅस्केट बदलले की निरोगी इंजिन रोगट चालू लागते.

नियंत्रकाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्यावाचून आजच्या शहरांची हवा श्वास घेण्याजोगी राहिली नसती, हे वर सांगितलेच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, नियंत्रकाने चाल राखणे आणि यंत्र निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पाहून दुसरी गृहीत धरणे धोक्याचे आहे. 'गव्हर्नर' हा शब्द यंत्रशाळेत आणि राज्यकारभारात एकच आहे, हा योगायोग नव्हे. जेथे जेथे वरून सुरळीतपणा राखला जातो, तेथे तेथे अधूनमधून तो आधार काढून पाहणारी आणि आतला आवाज ऐकणारी माणसे लागतात. मेगास्क्वर्टसारख्या उघड्या पेट्यांनी शक्ती किती वाढविली याची चर्चा शर्यतीच्या मैदानावर होवो. सामान्य माणसाला पेटी उघडून पाहण्याचा आणि त्याबरोबर येणारा कष्टाचा अधिकार त्यांनी परत दिला, हे त्यांचे कार्य आम्हाला अधिक मोलाचे वाटते. तो अधिकार वापरावयाचा तर आकड्यांबरोबर कानही तयार ठेवावा लागेल.